दगडांच्या जागा

सहाव्या गल्लीत उखाभाऊंचं दुकान,
पुढे सायकलींची पंक्चरं, मागे मासे.
मी ऑस्करकडे बोट दाखवलं, मग निऑनच्या पिशवीकडे.
दोन्ही एकाच टाकीत सोडायचेत, म्हणाले.
त्यांनी ट्यूबवर हात पुसले:
"वहिनी, जो दुसराना तोंडमा माई
तो मासा नही, घास शे."

तरी घेतले.
बारा निऑन,
पाण्याला घातलेले बारा निळे टाके.
घरात एक मोठा होता, यांचा, पंधरा वर्षांचा, हेमकांत.
एक लहान, माझी, जुई, पाचवं सरायला आलेलं.
देवपुरात दोन खोल्या.
मला वाटलं, निदान काचेकडे तरी
दोघं एका बाजूने बघतील.

पहिल्या रात्रीनंतर नऊ.
तिसऱ्या सकाळी सहा.
पाणी नितळ, कुठे काही सांडलेलं नाही,
एक खवलासुद्धा नाही.
ऑस्कर कोपऱ्यात, तोंड मिटून,
जेवून उठलेल्या व्याह्यासारखा सभ्य.
जुई बोटांवर मोजत राहिली,
बोटं पुरत होती, मासे पुरत नव्हते.
शेवटी म्हणाली, लपलेत.
हेमकांत दप्तर भरताना म्हणाला,
हो, लपलेत.
महिन्याभरात त्याने तिला म्हटलेलं
ते पहिलं वाक्य.

उखाभाऊ रागावले नाहीत.
"कितला उरनात?" एवढंच.
मग अ‍ॅक्रिलिकचा पत्रा कापून दिला,
त्याला खिळा तापवून भोकं पाडली
पाणी इकडून तिकडे जाण्यापुरती.
मोठ्याला आधी घाला, म्हणाले, त्याच्या टोकाला,
पोटभर.
उपाशी ठेवून कोणी साधू होत नाही.
लहानांना झाडी द्या, दाट,
एकटं कुणाला ठेवू नका.
आणि नवं कुणी सोडायचं असेल
तर आधी दगडांच्या जागा बदला.
जुन्याला घर पाठ झालेलं असतं,
दगड हलले की तोही नवखा,
मग कुणाला कुठून हाकलायचं ते त्याला आठवत नाही.

हे मला कुणी आधी का सांगितलं नाही.
लग्नाच्या वेळी सगळ्यांनी भांड्यांचं विचारलं.

त्या दुपारी टाकीतले दगड हलवले.
मग हात ओलेच होते,
कपाट हलवलं, लोखंडी पेटी, खाट,
जुईची चटई दाराजवळून आत.
भिंतीवरच्या त्याच्या आईच्या फोटोला हात लावला नाही.
तो क्लासहून आला, उंबऱ्यातच थांबला.
"माझं टेबल?"
तुला कुठे हवं, मी विचारलं.
त्याने बराच वेळ खोली पाहिली,
पाहुण्यासारखी,
आणि टेबल ओढत नेलं पंख्याखाली,
चटईपासून दोन हातांवर.

मे महिन्यात चौकातली डीपी उडाली.
रात्री साडेअकरा, भिंती अजून तव्यासारख्या,
पंप बंद,
बुडबुडे नसलेलं पाणी केवढं गप्प असतं.
मला जाग आली ती पाणी पडण्याच्या आवाजाने.
हेमकांत स्टुलावर उभा,
स्टीलच्या पेल्याने पाणी उपसून
उंचावरून परत सोडत होता,
एकदा पत्र्याच्या या बाजूला, एकदा त्या.
जुईने दोन्ही हातांनी टॉर्च धरला होता,
तो झोपेने खाली झुकायचा.
"वर," तो म्हणायचा, आणि उजेड वर.
मी उठले नाही.

पहाटे लाईट आली.
झाडीच्या बाजूला सहाच्या सहा.
दुसऱ्या बाजूला तो, पाण्याच्या कडेशी,
तोंड उघडं,
हवेसाठी.

पत्रा मी अजून काढलेला नाही.
उखाभाऊ पंक्चर काढता काढता विचारतात, कितला उरनात?
सहा, म्हणते.
आणि मोठा?
वाढतोय, म्हणते. टाकी लहान पडणार आहे.